बाइटकोडची इन्स्ट्रक्शन ठरवताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं की इंटरप्रिटरमध्ये नवी इन्स्ट्रक्शन घालायची म्हणजे एका लांबलचक स्विचमध्ये आणखी एक केस लिहायची. दहा ओळींचं काम, चहा गार व्हायच्या आत संपणारं. तुमच्यापैकी ज्यांना प्रोग्रॅमिंग लँग्वेज किंवा कंपाइलर या विषयांत संशोधन करायचं आहे, त्यांनाही बहुतेक तसंच वाटत असणार. दोष तुमचा नाही. लेक्सर आणि पार्सरवर आपलं अर्धं सत्र जातं, आणि बाइटकोड शेवटच्या युनिटमध्ये, परीक्षा तोंडावर आलेली असताना, दोन पानांत उरकतात. आज त्या दोन पानांबद्दल बोलू. माझं एक वर्ष त्यात गेलं, तेही सांगतो.

पायथॉनमध्ये दोन संख्यांची बेरीज करून परत देणारं एक ओळीचं फंक्शन लिहा आणि 'डिस' या मॉड्यूलला ते दाखवा. पायथॉन ३.१२ असेल तर सुरुवातीची 'रिझ्यूम' सोडून चार इन्स्ट्रक्शन्स दिसतील: लोड फास्ट, लोड फास्ट, बायनरी ऑप आणि रिटर्न व्हॅल्यू. पहिल्या दोन इन्स्ट्रक्शन्स अ आणि ब या व्हेरिएबलच्या किमती स्टॅकवर ठेवतात. तिसरी त्या दोन्ही उचलते आणि बेरीज ठेवते. चौथी ती बेरीज घेऊन फंक्शनमधून बाहेर पडते. स्टॅक म्हणजे मेसमध्ये धुऊन ठेवलेल्या ताटांची चळत, वरचं ताट आधी निघतं. हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे यावर थांबत नाही.

खरा प्रश्न पुढे येतो. 'बायनरी ऑप' या इन्स्ट्रक्शनची व्याख्या करायची म्हणजे नेमकं काय काय ठरवायचं? नाव आणि क्रमांक हे झालं सोपं. त्यानंतर तिच्यासोबत येणारा आकडा, म्हणजे ऑपरँड, आणि त्याचा अर्थ. (बायनरी ऑपमध्ये तो आकडा सांगतो की बेरीज करायची, गुणाकार करायचा की आणखी काही.) मग येतो स्टॅकवरचा परिणाम: किती गोष्टी उचलल्या, किती ठेवल्या आणि कोणत्या क्रमाने. काम फसलं तर काय, हेही ठरवावं लागतं. भागाकारात छेद शून्य निघाला, तर आधी उचललेल्या दोन किमतींची विल्हेवाट कोण लावणार? पायथॉनसारख्या रेफरन्स मोजणाऱ्या इंटरप्रिटरमध्ये हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एक मोजणी कमी झाली तर वापरात असलेली वस्तू मोकळी होते, एक जास्त झाली तर मेमरी गळत राहते. शिवाय एक्सेप्शन पकडणारा कोड सुरू होताना स्टॅक ठरलेल्या खोलीवर असावा लागतो. पायथॉन ३.११ पासून ही खोली एका वेगळ्या टेबलात लिहिलेली असते. तुमच्या इन्स्ट्रक्शनने फसण्याच्या वाटेवर स्टॅक अर्धवट सोडला, तर त्या टेबलाला काही अर्थ राहत नाही.

स्टॅकवरचा परिणाम लिहायची एक जुनी, छान पद्धत फोर्थ या भाषेतून आली आहे. मध्ये दोन छोट्या रेघा, डावीकडे आधीचा स्टॅक, उजवीकडे नंतरचा, आणि सगळ्यात वरची वस्तू प्रत्येक बाजूला शेवटी. माझ्या छोट्या भाषेत बेरीज अशी लिहितो:

जोड ( डावा उजवा -- बेरीज )

बस. एवढ्या ओळीतून कळतं की दोन गेले, एक आला, स्टॅक एकने उतरला. वहीच्या समासात लिहिण्यासारखी टीप वाटते ना? आता हिच्याकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते बघा.

समजा आपल्याला 'यादी[क] += प * फ' हे विधान भाषांतरित करायचं आहे. 'यादी' आणि 'क' इथे दोनदा लागतात, एकदा जुनी किंमत वाचायला आणि एकदा नवी लिहायला. पण ते दोनदा काढून चालत नाही, कारण 'यादी'च्या जागी एखाद्या फंक्शनचा कॉल असू शकतो आणि तो दोनदा झाला तर प्रोग्रॅमचा अर्थच बदलतो. माझा पहिला कंपाइलर दोन्ही किमती तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि लागतील तशा परत आणायचा. आणण्या-ठेवण्याच्याच आठ इन्स्ट्रक्शन्स खर्च व्हायच्या. म्हणून मी एक नवी इन्स्ट्रक्शन काढली, जी वरच्या दोन किमतींची प्रत काढते:

दोन-प्रती ( यादी क -- यादी क यादी क )

आता आठच्या जागी तीन पुरतात. पूर्ण विधान असं चालतं, उजवीकडे त्या क्षणीचा स्टॅक:

आण यादी → यादी
आण क → यादी, क
दोन-प्रती → यादी, क, यादी, क
घटक-काढ → यादी, क, जुना
आण प → यादी, क, जुना, प
आण फ → यादी, क, जुना, प, फ
गुण → यादी, क, जुना, गुणाकार
जोड → यादी, क, नवा
घटक-ठेव → रिकामा

पायथॉनमध्ये हेच विधान बघाल तर शेवटी दोन 'स्वॅप' जास्तीच्या दिसतील. ते का? साध्या 'यादी[क] = किंमत' या विधानात पायथॉन आधी उजवी बाजू काढतो आणि मग यादी व क. त्यामुळे त्याच्या 'स्टोअर सबस्क्रिप्ट'ला किंमत स्टॅकमध्ये खाली आणि यादी, क वर असे लागतात. '+=' मध्ये क्रम नेमका उलटा पडतो, म्हणून हलवाहलव करावी लागते. माझ्या भाषेत डावी बाजू आधी काढतात, म्हणून ती लागत नाही. यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. इन्स्ट्रक्शनच्या किमतींचा क्रम आपल्या सोयीने ठरत नाही, भाषेने कशाची किंमत आधी काढायचं वचन दिलंय त्यावर तो ठरतो.

गंमत म्हणजे माझ्या 'दोन-प्रती'सारखी इन्स्ट्रक्शन पायथॉनमध्येही होती, 'डुप टॉप टू' नावाची. ३.११ मध्ये ती गेली, सोबत तिच्या गोतावळ्यातल्या 'रोट टू', 'रोट थ्री' वगैरेही गेल्या, आणि त्या सगळ्यांच्या जागी फक्त 'कॉपी' आणि 'स्वॅप' आल्या, ऑपरँडमध्ये खोली सांगणाऱ्या. म्हणजे एका इन्स्ट्रक्शनच्या जागी दोन 'कॉपी' चालवाव्या लागतात, पण व्याख्या कमी आणि प्रत्येक व्याख्या सोपी. हा सौदा फायद्याचा आहे की तोट्याचा, हे बाकीचा इंटरप्रिटर कसा आहे त्यावर ठरतं. परीक्षेत याला एक उत्तर असतं, संशोधनात नसतं.

आता माझी गोष्ट. फंक्शन सुरू होण्याआधीच त्याचा स्टॅक जास्तीत जास्त किती खोल जाईल हे कंपाइलर मोजतो, आणि फ्रेममध्ये तेवढेच खण ठेवतो. वरचा तक्ता बघा, 'आण फ' नंतर पाच वस्तू आहेत, म्हणजे पाच खण हवेत. ही मोजणी माझ्याकडे वेगळ्या फाइलमध्ये होती: प्रत्येक इन्स्ट्रक्शनसमोर तिने स्टॅक किती चढतो किंवा उतरतो तो आकडा, हाताने लिहिलेला. 'दोन-प्रती'समोर मी +२ च्या जागी +१ लिहिलं. एकाची प्रत काढणारी इन्स्ट्रक्शन आधीपासून होती, तिचीच ओळ उचलून डकवली होती. नाव बदललं, आकडा राहिला.

त्यामुळे कंपाइलरने चारच खण दिले आणि 'फ'ची किंमत पाचव्या, न दिलेल्या जागेत जाऊन बसली. तिथे काय होतं? त्या फंक्शनकॉलमध्ये किती इन्स्ट्रक्शन्स चालल्या याचा मोजणारा खण. माझं सगळं संशोधन या आकड्यावर उभं होतं, आणि मीच तो हौसेने स्टॅकला लागून ठेवला होता. लहान पूर्णांक माझ्या इंटरप्रिटरमध्ये खणात जवळपास जसेच्या तसे बसतात. म्हणजे दर वेळी ती ओळ चालली की हजारांत गेलेली मोजणी पुसली जायची आणि 'फ'च्या किमतीपासून, म्हणजे तीन किंवा सात अशा आकड्यापासून, पुन्हा सुरू व्हायची.

प्रोग्रॅमची उत्तरं मात्र सगळी बरोबर होती! 'फ' पाचव्या खणातून सुखरूप परत निघत होता. प्रत्येक टेस्ट पास. ज्या फंक्शनमध्ये दुसरीकडे कुठे स्टॅक याहून खोल जात होता, तिथे खण पुरेसे होते आणि मोजणीही बरोबर होती, त्यामुळे सगळेच बेंचमार्क काही चुकले नाहीत. चुकले ते फक्त नव्या इन्स्ट्रक्शनचे, आणि तेही मला हव्या त्या दिशेने. चाललेल्या इन्स्ट्रक्शन्स कमी झाल्या, खूपच कमी झाल्या. मी खूश. मसुदा तयार झाला, त्याच्या शीर्षकात तो फायदा होता, आणि पाठवायला आठ दिवस उरले होते.

मॅडमनी आकडे पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, "यातला सगळ्यात लहान प्रोग्रॅम घे आणि मला कागदावर मोजून दाखव." मला जरा रागच आला होता, खरं सांगतो. रात्री होस्टेलवर मोजायला बसलो. कागदावर आकडा चार अंकी येत होता, इंटरप्रिटर दोन अंकी सांगत होता. दोनदा मोजलं. एक हजार वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये एक हजारापेक्षा कमी इन्स्ट्रक्शन्स चालणं शक्य नाही, हे समजायला कागदाचीही गरज नव्हती. पण मी कधी एकेका प्रोग्रॅमचा आकडा बघितलाच नव्हता, फक्त टक्केवारी बघत होतो. मसुदा मागे ठेवला. चूक सुधारल्यावर फायदा उरला, पण शीर्षकात मिरवण्याइतका नाही. त्या परिषदेची पुढची मुदत एक वर्षाने होती.

आता तांत्रिक भाग, ज्यासाठी हे सगळं सांगितलं. माझ्याकडे 'दोन-प्रती' पाच ठिकाणी लिहिलेली होती: क्रमांकांच्या यादीत, इंटरप्रिटरच्या स्विचमध्ये, कंपाइलरमध्ये, खोली मोजणाऱ्या टेबलात आणि बाइटकोड छापून दाखवणाऱ्या डिसअसेंब्लरमध्ये. ही पाचही ठिकाणं एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासणारं कोणीच नव्हतं. अशी स्थिती माझ्यासारख्या नवशिक्याचीच होती असं समजू नका. सीपायथॉनमध्येही अनेक वर्षं इंटरप्रिटरचा मोठा स्विच एका फाइलमध्ये आणि स्टॅकवरचा परिणाम सांगणारा दुसरा स्विच कंपाइलरच्या फाइलमध्ये होता, दोन्ही हाताने सांभाळलेले.

यावरचा उपाय नवा नाही. अँटन एर्टल, डेव्हिड ग्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'व्हीएमजेन' या साधनावर लेख लिहिला. कल्पना अशी: प्रत्येक इन्स्ट्रक्शनसाठी फोर्थच्या पद्धतीने स्टॅकवरचा परिणाम लिहायचा, त्याखाली प्रत्यक्ष कामाचा सी कोड लिहायचा, आणि बाकी सगळं साधनाने तयार करायचं. स्टॅकवरून किमती उचलणं, परत ठेवणं, डिसअसेंब्लर, चालताना माग काढणं, सगळं त्या एकाच व्याख्येतून. सीपायथॉनने ३.१२ मध्ये हीच वाट धरली. 'बाइटकोड्स डॉट सी' नावाची फाइल दिसायला सी वाटते, पण ती थेट कंपाइल होत नाही. त्यात प्रत्येक इन्स्ट्रक्शन नाव, रेघांसह स्टॅकवरचा परिणाम आणि कोड अशा रूपात आहे, आणि एक जनरेटर ती वाचून इंटरप्रिटरचा खरा कोड तयार करतो. तुम्ही 'डावा' आणि 'उजवा' ही नावं लिहिलीत की स्टॅक पॉइंटर किती हलवायचा ते तुम्ही ठरवत नाही, जनरेटर ठरवतो. माझी +१ ची चूक तिथे लिहायलाच जागा नाही. ती फाइल एकदा उघडून वाचाच, सुरुवातीच्या दोनशे ओळी समजल्या तरी पुष्कळ.

आता एका इन्स्ट्रक्शनने किती काम करावं याकडे वळतो, कारण मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. जावामध्ये बेरजेच्या चार इन्स्ट्रक्शन्स आहेत: इंट, लाँग, फ्लोट आणि डबल, प्रत्येकाची वेगळी. टाइप कंपाइल होतानाच माहीत असतात, मग ते लिहून का टाकू नयेत? पायथॉनला 'अ + ब' मध्ये अ संख्या आहे की स्ट्रिंग हे आधी कळत नाही, म्हणून इन्स्ट्रक्शन सर्वसाधारण ठेवावी लागते. ३.११ मध्ये तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांच्या आधी वेगवेगळ्या असलेल्या इन्स्ट्रक्शन्स एकत्र करून एकच 'बायनरी ऑप' केली. पण त्याच आवृत्तीत, पेप ६५९ नुसार, उलट दिशेचंही पाऊल पडलं. चालता चालता एखाद्या जागी दोन्ही बाजूंना पूर्णांकच येताहेत असं दिसलं, की इंटरप्रिटर त्या जागची 'बायनरी ऑप' खोडून 'बायनरी ऑप ॲड इंट' लिहितो. ही खास इन्स्ट्रक्शन आधी टाइप तपासते, जुळले तर थेट पूर्णांकांची बेरीज करते, नाही जुळले तर मूळ इन्स्ट्रक्शनकडे परत जाते.

अशी जागच्या जागी अदलाबदल करायची, तर व्याख्येवर दोन बंधनं येतात. एक, कुटुंबातल्या सगळ्या इन्स्ट्रक्शन्सची लांबी आणि स्टॅकवरचा परिणाम सारखाच हवा, नाहीतर पुढच्या सगळ्या उड्यांचे पत्ते आणि खोलीचे हिशेब बिघडतील. म्हणूनच 'बायनरी ऑप'च्या मागे बाइटकोडमध्येच कॅशसाठी जागा सोडलेली असते, वापरा किंवा वापरू नका. दुसरं बंधन जास्त सूक्ष्म आहे. माघार घ्यायची असेल तर ती काहीही बदलण्याआधी घ्यायला हवी, कारण मूळ इन्स्ट्रक्शन पहिल्यापासून सुरू होते. अर्धं काम करून मागे फिरलात तर ते अर्धं काम दोनदा होईल. नवीन खास इन्स्ट्रक्शन लिहिताना सगळ्या अटी वर, सगळी कृती खाली, हा नियम मी आता भिंतीवर चिकटवलाय.

३.१० च्या तुलनेत ३.११ सरासरी १.२५ पट वेगवान आहे, असं पायथॉनची अधिकृत नोंद सांगते. पण तो आकडा त्या आवृत्तीतल्या सगळ्या सुधारणांचा मिळून आहे. सेमिनारमध्ये तो फक्त पेप ६५९ च्या नावावर मांडू नका, कोणीतरी पकडेलच.

स्टॅक हवाच कशाला, असंही कोणी विचारेल. २००३ मध्ये आलेल्या लुआ ५.० ने स्टॅक सोडून रजिस्टर धरले: ३२ बिटांची एक इन्स्ट्रक्शन, त्यात ६ बिट ऑपकोडला, आणि एकूण फक्त ३५ इन्स्ट्रक्शन्स. तिथे दोन लोकल व्हेरिएबलची बेरीज तिसऱ्यात ठेवायला एक इन्स्ट्रक्शन पुरते, स्टॅकवर चार लागतात. जावाच्या बाइटकोडवर हीच तुलना शी, ग्रेग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडली. रजिस्टरच्या रूपात चाललेल्या इन्स्ट्रक्शन्स सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झाल्या, कोड मात्र २५ टक्क्यांनी वाढला. वेळ किती वाचला? पेंटियम ४ वर, साध्या स्विचने चालवल्यास ३२.३ टक्के. बघा, इन्स्ट्रक्शन्स ४७ टक्के कमी म्हणजे वेळ ४७ टक्के कमी, असं होत नाही. माझ्या त्या मसुद्यात मी इन्स्ट्रक्शन्सच मोजत होतो, वेळ नाही. ती दुसरी चूक, पण तिच्यावर वेगळा लेख होईल.

क्रमांकांबद्दल एक छोटी गोष्ट राहिली. ऑपकोड एका बाइटचा, म्हणजे २५६ जागा. जावाने १८६ क्रमांक बरीच वर्षं रिकामा ठेवला होता, २०११ मध्ये जावा ७ सोबत तिथे 'इन्व्होक डायनॅमिक' आली. जावाचा बाइटकोड जाहीर करार आहे, जुन्या क्लास फाइल्स पुढेही चालायला हव्यात, म्हणून तिथे दिलेला क्रमांक परत घेता येत नाही. पायथॉनचा बाइटकोड अंतर्गत बाब आहे आणि दर आवृत्तीत बदलतो. त्यामुळे या लेखातली पायथॉनची इन्स्ट्रक्शन्सची नावं तुमच्या मशीनवर थोडी वेगळी दिसली तर घाबरू नका, आणि स्वतःच्या प्रबंधात आवृत्ती लिहायला विसरू नका. ३.१३ मध्ये तर आपल्या पहिल्या उदाहरणातल्या दोन 'लोड फास्ट' जोडून एकच झालेली दिसेल.

आज रात्री एक काम करा. '+=' असलेलं एक विधान घ्या, उजव्या बाजूला कंस आणि एखादा फंक्शनकॉल घाला. 'डिस'ने त्याचा बाइटकोड काढा, आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शनसमोर पेन्सिलीने स्टॅक लिहा, वर मी लिहिलाय तसा. सगळ्यात खोल जागा शोधा. मग त्या फंक्शनच्या कोड ऑब्जेक्टमधला 'को-स्टॅकसाइझ' बघा. दोन आकडे जुळले नाहीत, तर कोण चुकलंय हे शोधून काढेपर्यंत झोपू नका.